अपघात टाकीत भरला जातो

न्यूझीलंडच्या मेंढपाळ मुलखात डोंगराच्या सोंडेवर गवताचा एक उतरता पट्टा दिसतो. वरच्या टोकाला पत्र्याची शेड, शेडमध्ये सुपर फॉस्फेटचा ढीग आणि शेजारी लांब दांड्याची बादली लावलेला लोडर ट्रक. खालच्या टोकाला काहीच नाही. पट्टा संपतो आणि दरी सुरू होते. ही धावपट्टी. विमान चढाकडे तोंड करून उतरते, वर येऊन वळते, लोडरवाला त्याच्या टाकीत टनभर खत ओततो आणि इंजिन चालूच असलेले ते विमान त्याच उताराने खाली धावत सुटते. पट्टा संपायच्या आत चाके सुटली तर ठीक. नाही सुटली तर पुढे दरी आहेच, तिच्यात नाक खाली घालून वेग मिळवता येईल अशी आशा असते. काही मिनिटांत खत पसरून ते रिकामे परत येते आणि पुन्हा बादलीखाली उभे राहते.

प्रवासी विमानाचा वैमानिक दिवसात दोन-चार उड्डाणे करतो, तीही दोन-तीन किलोमीटर लांबीच्या पक्क्या धावपट्टीवरून, आकडेमोड करून देणारी माणसे हाताशी असताना. शेतीच्या विमानाचा वैमानिक कामाच्या दिवशी कित्येक डझन वेळा उड्डाण करतो. त्याची धावपट्टी म्हणजे कुरण, शेताचा बांध किंवा कच्चा रस्ता. दर वेळी विमान पेलेल त्या कमाल वजनाच्या आसपास असते आणि दर वेळी परिस्थिती मागच्या खेपेपेक्षा किंचित वेगळी असते. विजेच्या तारांना धडकणे हा या धंद्यातला सर्वांना ठाऊक असलेला धोका. उड्डाणाच्या धावेत होणारे अपघात मात्र बाहेरच्या माणसाला कोड्यात टाकतात. इंजिन धडधाकट, वैमानिक हजारो तासांचा अनुभवी, हवा स्वच्छ, आणि तरी विमान कुंपणात, नाल्यात किंवा समोरच्या झाडांत जाते. ते कोडे सोडवायचे तर आकाशाकडे नव्हे, टाकीकडे पाहावे लागते.

शेतीसाठी विमान वापरण्याची सुरुवात साधारण शंभर वर्षांपूर्वीची. ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ लेफ्टनंट जॉन मॅकरेडी यांनी पहिल्या महायुद्धातल्या जुन्या कर्टिस जेनी विमानातून कॅटाल्पा झाडांच्या राईवर लेड आर्सेनेटची भुकटी टाकली. झाडांवर सुरवंट पडले होते. प्रयोग यशस्वी झाला, आणि काही वर्षांत दक्षिणेच्या कापूस पट्ट्यात बोंडावरच्या भुंग्याविरुद्ध भुकटी टाकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांतल्याच हफ-डालँड डस्टर्स या कंपनीतून पुढे डेल्टा एअरलाइन्स जन्मली. जगातल्या बड्या विमान कंपन्यांपैकी एकीचे मूळ कपाशीवरच्या औषधात आहे, हे विदर्भाच्या वाचकाला सांगायला मला गंमत वाटते.

न्यूझीलंडची गरज निराळी होती. तिथले डोंगर इतके तीव्र चढाचे की खताची गाडी वर जाऊच शकत नाही, आणि जमिनीत फॉस्फरस व गंधकाची कमतरता. खताशिवाय गवत नाही, गवताशिवाय मेंढी नाही. १९४८ मध्ये तिथल्या हवाई दलाने युद्धातली अ‍ॅव्हेंजर विमाने घेऊन खत टाकण्याच्या चाचण्या केल्या. १९४९ पासून खासगी वैमानिक या धंद्यात उतरले. विमाने होती टायगर मॉथ, म्हणजे युद्धकाळात नवशिक्यांना शिकवायला वापरलेली कापडी पंखांची दुपंखी विमाने. पुढच्या आसनाच्या जागी टाकी बसवायची आणि कामाला लागायचे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकरीचे भाव कडाडले, कामाला तोटा राहिला नाही. १३० अश्वशक्तीच्या इंजिनाने किती ओझे उचलावे याचा विचार मात्र मागे पडला.

आता ओझ्याचे शास्त्र. विमानाचे वजन १० टक्क्यांनी वाढले तर उड्डाणाला लागणारे अंतरही १० टक्क्यांनी वाढेल, असे आपले साधे त्रैराशिक सांगते. प्रत्यक्षात ते २० टक्क्यांच्या आसपास वाढते. जड विमानाला हवेत तरायला जास्त वेग लागतो आणि तो वेग गाठायला जड विमान जास्त वेळही घेते. म्हणजे मार दोन्ही बाजूंनी बसतो. लहान विमानांच्या वैमानिकांना असे आणखी काही ठोकताळे शिकवले जातात. तापमान १० अंशांनी वाढले की अंतर १० टक्के वाढते. समुद्रसपाटीपासून दर हजार फूट उंचीला तेवढेच वाढते. पक्क्या धावपट्टीऐवजी सुके गवत असेल तर २० टक्के, ओले असेल तर ३० टक्के. पाठीमागून वारा असेल आणि त्याचा वेग विमानाच्या उड्डाणवेगाच्या एक दशांश असेल, तर आणखी २० टक्के.

यातली खरी मेख अशी की या टक्केवाऱ्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. समजा, थंड सकाळी, शांत हवेत, पक्क्या पट्टीवर एका विमानाला ४०० मीटर लागतात. टाकीत थोडे जास्त भरले आणि वजन १० टक्क्यांनी वाढले, झाले ४८०. दुपारी पारा २० अंशांनी चढला, झाले ५८०. पट्टा ओल्या गवताचा निघाला, ७५५. मागून ताशी दहा किलोमीटरची झुळूक आली, ९०० च्या वर. यातली एकही गोष्ट स्वतंत्रपणे पाहिली तर भीतीदायक नाही. थोडे जास्त खत, थोडे ऊन, थोडे दव, थोडा वारा. चारही एकत्र आल्यावर मात्र दुपटीहून अधिक धावपट्टी लागते, आणि शेतकऱ्याने आखून दिलेला पट्टा तर सकाळी होता तेवढाच आहे.

उन्हाचा परिणाम सर्वांत फसवा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. गरम हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, पंख्याला पकड कमी मिळते आणि इंजिनाला प्राणवायूही कमी मिळतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात तिथे पारा ४३ अंशांवर गेला की हवेची घनता प्रमाण हवामानातल्या १,३०० ते १,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी खाली येते. म्हणजे विमानाच्या दृष्टीने नागपूर त्या दुपारी महाबळेश्वराच्या उंचीवर जाऊन बसलेले असते. थंडी नाही, धुके नाही, स्ट्रॉबेरी तर नाहीच. आहे ती फक्त विरळ हवा. सकाळी सहाला ज्या ओझ्याने विमान सहज उठले, तेच ओझे दुपारी दोनला त्याला खाली धरून ठेवू शकते. लोडरवाल्याची बादली तेवढीच असते, म्हणून काही बदलले आहे असे कुणाला वाटत नाही.

बादलीचेही एक वेगळे प्रकरण आहे. ती माप घेते आकारमानाचे, विमानाला कळते वजन. कोरडे सुपर फॉस्फेट, ओल धरलेले सुपर फॉस्फेट आणि चुन्याची भुकटी यांची एकाच आकाराची बादली वेगवेगळ्या वजनाची भरते. त्यात इंधनाची भर. तास-दीड तास काम झाल्यावर इंधन कमी होते, विमान हलके होते आणि वैमानिकाचा हात त्या हलकेपणाला सरावतो. मग इंधन पुन्हा भरले जाते आणि पुढची खेप त्याच बादलीने भरली तर सारा हिशेब कोसळतो. नव्याने इंधन भरल्यावरचे पहिले उड्डाण म्हणूनच काळजीपूर्वक करायचे असते. त्यांतले एक तरी बहुधा दुपारच्या जेवणानंतरचे, म्हणजे नेमके उन्हाच्या वेळचेही असते.

हे सगळे ठाऊक असूनही अनुभवी वैमानिक फसतो, कारण विमान त्याला खोटा दिलासा देते. जमिनीच्या अगदी जवळ असताना पंखांखालून वाहणाऱ्या हवेला खाली पसरायला जागा नसते. त्यामुळे पंखांच्या टोकांशी तयार होणारे भोवरे दबले जातात आणि उचल निर्माण करताना पंखांना जो रोध सोसावा लागतो तो बराच घटतो. पंखांच्या एकूण लांबीच्या एक दशांश उंचीवर ही घट जवळजवळ निम्म्यापर्यंत जाते. पंखभर उंचीवर ती नगण्य होते. परिणाम असा की अतिभारित विमान पुरेसा वेग नसतानाही चाके उचलते. वैमानिकाला वाटते, सुटलो. पण विमान उडत नसते, जमिनीच्या आधाराने तरंगत असते. त्याने नाक वर घेतले की रोध वाढतो, वेग घटतो, विमान पुन्हा बसू लागते. नाक आणखी वर घेतले तर पंखांवरून वाहणारी हवा सुटते, म्हणजे विमान स्टॉल होते, आणि एक पंख खाली टाकून कोसळते. वजन २० टक्क्यांनी वाढले की ज्या वेगाला स्टॉल होतो तो वेगही साडेनऊ टक्क्यांनी वर सरकतो. वेगमापकावर रोजचाच आकडा दिसत असतो, पण त्या ओझ्याला तो पुरेसा राहिलेला नसतो. डोंगराच्या सोंडेवरून सुटणाऱ्या विमानाच्या बाबतीत तर पट्टा संपताच पायाखालची जमीन नाहीशी होते आणि जमिनीचा तो आधारही एका क्षणात जातो.

मग वैमानिक थांबत का नाही? उतारावर, ओल्या गवतावर, टनभर ओझ्यासह ब्रेक लागत नाहीत. अशा पट्ट्यावर परतीची वेळ फार लवकर निघून जाते, कधीकधी पट्टा निम्मा व्हायच्या आत. म्हणून एक जुना ठोकताळा आहे: पट्ट्याच्या मध्यावर पोचेपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग मिळाला नसेल तर प्रयत्न सोडून द्यावा. पट्ट्याच्या कडेला एखादा खांब, एखादे झुडूप खूण म्हणून आधीच ठरवून ठेवावे आणि तिथे निर्णय घ्यावा.

शेतीच्या विमानाला मात्र आणखी एक पर्याय आहे, जो इतर विमानांना नसतो: ओझे टाकून देणे. वैमानिकाच्या हाताशी एक दांडा असतो, तो ओढला की टाकीचे तळदार उघडते. न्यूझीलंडच्या नियमांनुसार या यंत्रणेने टाकीच्या कमाल ओझ्यातले ८० टक्के तरी ५ सेकंदांत बाहेर टाकले पाहिजे. या सोयीच्या भरवशावरच शेतीच्या विमानांना प्रमाणित वजनाहून अधिक वजन घेण्याची सवलत तिथे मिळते. कागदावर व्यवस्था चोख आहे. पण ओल धरलेले खत टाकीत गोळा होऊन अडकते, दार उघडले तरी खाली पडत नाही. खत साठवायची शेड गळकी असणे ही म्हणूनच शेतकऱ्याची खासगी बाब राहत नाही. त्या गळक्या पत्र्याचा हिशेब वैमानिकाला द्यावा लागतो. न्यूझीलंडच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने शेतावरच्या धावपट्ट्यांसोबत खताची साठवण आणि वाहतूक यांनाही सुरक्षिततेच्या मार्गदर्शिकेत जागा दिली ती याच कारणाने.

आणि यंत्रणा उत्तम असली तरी दांडा ओढायचा तो माणसाच्या हाताने. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारे विमान ५ सेकंदांत जवळजवळ १४० मीटर पुढे जाते. "अजून एक क्षण, उठेलच" असे म्हणण्यात दोन सेकंद गेले तर उरलेल्या वेळात ओझे उतरून उपयोग होत नाही. शिवाय टाकून दिलेले खत म्हणजे वाया गेलेला पैसा, शेतकऱ्याचा रोष आणि लोडरवाल्यासमोर झालेली शोभा. दिवसभरात पन्नास वेळा उठलेले विमान एकावन्नाव्या वेळी उठणार नाही, यावर विश्वास बसायला मनाची वेगळी तयारी लागते. माझ्या मते या अपघातांचे सर्वांत कठीण कारण हे आहे. ते कोणत्याही कारखान्यात दुरुस्त होत नाही.

पैशाचा मुद्दा टाळून चालणार नाही. खत पसरण्याचे काम टनावर मोजतात, फवारणीचे एकरावर. खेपा जितक्या कमी तितका खर्च कमी, आणि खेपा कमी करायच्या तर प्रत्येक खेपेत जास्त भरायचे. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या वाटेवर टनाने पैसे मिळणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे गणित समजावून सांगायला नको. फरक एवढाच की ट्रॉली चढावर अडली तर उभी राहते. विमानाला उभे राहता येत नाही.

आजची विमाने टायगर मॉथच्या मानाने राक्षसी आहेत. टेक्सासमधल्या ऑलनी गावात बनणाऱ्या एअर ट्रॅक्टर ८०२ या विमानाची टाकी सुमारे ३,००० लिटरची आहे. रिकामे विमान ३ टनांच्या आसपास, पूर्ण भरलेले ७ टनांच्या वर. म्हणजे वैमानिक एकाच दिवसात, एकाच नावाची दोन वेगळी विमाने आलटून पालटून चालवतो: जाताना सुस्त आणि जड, येताना चपळ आणि हलके. टर्बाइन इंजिनांनी ताकदीचा प्रश्न पुष्कळ सोपा केला. पण ताकद वाढली तशी टाकीही वाढली.

वजन किती, याच्या जोडीला वजन कुठे, हाही प्रश्न असतो. फ्लेचर एफयू-२४ हे १९५४ मध्ये पहिल्यांदा उडालेले विमान न्यूझीलंडच्या खतकामाचा कणा होते. त्यात वैमानिक पुढे बसतो आणि टाकी त्याच्या मागे असते. कामातून निवृत्त झालेल्या अशा एका विमानाची टाकी काढून त्याचे पॅराशूट उड्यांसाठी रूपांतर केले गेले. ४ सप्टेंबर २०१० रोजी फॉक्स ग्लेशियर इथल्या धावपट्टीवरून उठताच त्याचे नाक जवळजवळ सरळ वर गेले, विमान वळून खाली कोसळले आणि त्यातली नऊही माणसे दगावली. त्यांत परदेशी पर्यटक होते. अपघात तपास आयोगाला आढळले की रूपांतरानंतर वजन आणि तोल यांचा नीट हिशेब केला गेला नव्हता आणि गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे गेला होता. पुढे मृतांच्या कुटुंबीयांनी तपासावर बोट ठेवले, कारण विमानाचे अवशेष अपघातानंतर काही दिवसांतच पुरून टाकले गेले होते. तपास पुन्हा उघडला, तेव्हा आयोगाने नेमके कारण सांगता येत नाही असे मान्य केले. खत वाहणारे विमान माणसे वाहू लागले तेव्हा तोलाचा जुना प्रश्नही त्याच्यासोबत आला, एवढे मात्र त्या अहवालांतून दिसते. शिवाय टाकीसोबत ओझे टाकायचा पर्यायही गेला होता. माणसे टाकून देता येत नाहीत.

या क्षेत्रात एका माणसाचे ऋण मोठे आहे. अमेरिकेचे अभियंते फ्रेड वाइक यांनी टेक्सासच्या कृषी विद्यापीठात १९५० मध्ये एजी-१ नावाचे विमान उडवले. मुळापासून केवळ शेतीसाठी आखलेले ते पहिल्या विमानांपैकी एक. अपघात होणारच हे वाइक यांनी गृहीत धरले, आणि माणूस वाचला पाहिजे या दृष्टीने आखणी केली. इंजिन पुढे, त्यामागे टाकी आणि सर्वांत मागे, उंचावर वैमानिक. धडक बसली तर आधी नाक चेपते, मग टाकी. मागून टनभर ओझे येऊन वैमानिकाला चिरडत नाही. पट्टे भक्कम, तारा कापायला चाकांच्या दांड्यांना आणि काचेपुढे धारदार पाती. हीच आखणी पुढे पायपर पॉनी या विमानात आली आणि आजच्या बहुतेक फवारणीच्या विमानांची ठेवण तीच आहे. उड्डाणाच्या धावेत कुंपण तोडून गेलेल्या विमानातून वैमानिक चालत बाहेर येतो, तेव्हा त्याचे श्रेय पुष्कळदा या ठेवणीला असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१३ मधल्या शेतीच्या विमानांच्या ७८ अपघातांचा एकत्रित अभ्यास करून २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यात भर होता तो थकवा, धोक्याचा आधी अंदाज घेण्याची सवय नसणे, विमानाची अपुरी देखभाल आणि वैमानिकांच्या परीक्षेतल्या उणिवा यांवर. हंगाम चार आठवड्यांचा, कीड थांबत नाही, पाऊस येण्याआधी काम संपवायचे आहे. पहाटेपासून अंधारापर्यंत राबणारा माणूस दुपारच्या चाळिसाव्या खेपेला अंतराचा गुणाकार करत बसेल, ही अपेक्षाच अवास्तव आहे. तो हिशेब सकाळीच, तापमानागणिक ओझ्याचा तक्ता करून, लोडरवाल्याच्या हातात दिलेला असला पाहिजे.

भारतात हा धंदा कधी मोठा झाला नाही. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बंगळुरूला 'बसंत' हे फवारणीचे विमान बनवले, ते १९७२ मध्ये उडाले आणि चाळिसाच्या आसपास विमाने बनून उत्पादन थांबले. हवाई फवारणी म्हटल्यावर आपल्याला आठवते ते केरळातले कासारगोड, जिथे काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने वर्षानुवर्षे एंडोसल्फान टाकले गेले आणि त्याची किंमत गावांनी मोजली. २०२० मध्ये टोळधाड विदर्भापर्यंत आली, त्या वर्षी राजस्थानात हेलिकॉप्टर आणि ड्रोन दोन्ही वापरले गेले. आता महाराष्ट्राच्या शिवारात जे दिसते ते ड्रोनच, दहा लिटरच्या आसपास टाकीचे.

ड्रोनमध्ये माणूस बसत नाही, पण बाजूला उभा असतो, आणि हवेचे नियम त्यालाही तेच लागू आहेत. मेच्या दुपारी विरळ झालेल्या हवेत त्याच्या पंख्यांनाही कमी उचल मिळते आणि बॅटरीवर जास्त ताण येतो. तेव्हा ड्रोन चालवणाऱ्या किंवा भाड्याने बोलावणाऱ्या प्रत्येकाने उत्पादकाच्या पुस्तिकेत तापमान आणि उंचीनुसार वजनाची काय मर्यादा दिली आहे ते आधी पाहावे, टाकी तेवढीच भरावी, आणि ड्रोन उठताना माणसांना व जनावरांना लांब ठेवावे. एक खेप वाढली तरी चालेल.